चुन्यातलं नाव

गावाला नाव कसं पडलं याची एक गोष्ट शाळेत शिकवतात. कोणी एक राणी होती, मोठी दानशूर, तिनं हे शहर वसवलं आणि लोकांनी प्रेमानं तिचंच नाव शहराला दिलं. वेशीपाशी दगडी पाटीवरही हेच कोरलंय, आणि बाहेरगावची माणसं त्या पाटीला टेकून फोटो काढतात. काढोत बापडी. राणीबिणी कुणी नव्हती हो. होती ती एका गवंड्याची पोर, आणि तिनं काही वसवलंबिसवलं नव्हतं. ती आपली घरात बसून डाळ निवडत होती.

ही खरी गोष्ट गावात एकाच घरात सांगतात. गावाभोवतीच्या जुन्या तटाची डागडुजी पिढ्यानपिढ्या ज्यांच्याकडे आहे, त्या मिस्त्रीच्या घरात. तिथंही ती उठसूट सांगत नाहीत. पोराच्या हातात चुना थापायची करणी द्यायची वेळ आली की एकदाच सांगतात, आणि सांगून झालं की दार उघडून बाहेर बघतात, कुणी ऐकलं तर नाही ना.

तर काय झालं, वेशीची कमान काही केल्या उभी राहत नव्हती. कमानीचा सगळ्यात शेवटी बसवायचा मधला दगड असतो, त्याला चावी म्हणतात. चावी बसवली आणि खालचा लाकडी आधार काढला, की कमान धाडकन खाली. दोनदा पडली, आणि दोन्ही वेळा खाली माणसं होती. तिसऱ्या वेळी राजानं गवंड्याला बजावलं, ‘आता आधार काढताना खाली तू उभं राहायचंस.’ गवंडी चावी बसवायला वर चढला. सांधीत ओला चुना भरताना भीतीनं त्याच्या तोंडून एक नाव निघून गेलं. देवाचं नाही, बायकोचं नाही, पोरीचं. का निघालं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. कमान मात्र उभी राहिली. बिचारा नाचत घरी गेला, तर पोर मांडीवर सूप घेऊन तशीच बसलेली, मुठीत डाळीचे दाणे, आणि अंग गार.

त्या दिवसापासून त्याच्या तोंडात दुसरा शब्द उरला नाही. जेवतोस का विचारलं, तर तेच नाव. करणी कुठं ठेवलीस, तर तेच नाव. पुढं राजाची माणसं आली आणि या वस्तीला काय म्हणायचं असं त्यांनी त्यालाच विचारलं, कारण वेस त्यानं बांधली होती. त्यानं जे सांगितलं ते त्यांनी लिहून नेलं. झालं गावाचं बारसं.

म्हणून मिस्त्रीच्या घरात गावाचं नाव कुणी घेत नाही. बसचं तिकीट काढतानाही ‘गावाचं द्या’ एवढंच म्हणतात. आणि चावी बसवताना ओल्या चुन्यात मिस्त्रीनं एक नाव आपणहून सांगायचं, आपल्या रक्ताच्या माणसाचं, पण मेलेल्याचं. मेलेल्याला आणखी काय मरण येणार? कमानीचं पोट भरतं आणि ती जिवंतांच्या वाटेला जात नाही. एक नाव मात्र एकदाच चालतं. एकदा दगडात गेलं की दुसऱ्या दगडाला ते लागू पडत नाही.

सध्याचा मिस्त्री पन्नाशीचा, हाडापेरानं मजबूत, आणि शब्दाच्या बाबतीत महाचिक्कू. बायको विचारायची, ‘अहो, भाजीत मीठ बरोबर आहे ना?’ तर हा नुसती मान हलवणार. बोलायचा तो फक्त लेकीशी. उशिरा झालेली एकुलती एक पोर. घटकाभर एका जागी बसायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तिची पावलं जिन्यावर वाजली की मिस्त्रीचा चेहरा उजळायचा. जीव की प्राण होती ती त्याचा.

त्या वर्षी एक ट्रक वेशीच्या कमानीवर धडकला आणि चावीचा दगड निखळून रस्त्यावर पडला. सुदैवानं कुणाला लागलं नाही. ट्रकवाला घाम पुसत ‘वाचलो बुवा’ म्हणाला आणि लोकांनी त्याला चहा पाजला. मिस्त्री मात्र त्या दगडाकडे बघून पांढराफटक पडला. इतकी शतकं ज्या पोरीच्या नावावर कमान उभी होती, ते नाव सुटलं होतं. कमान पुन्हा उपाशी झाली होती.

पालिकेनं वेस दोन्ही बाजूंनी बंद केली आणि मिस्त्रीच्या मागं घाईचा लकडा लावला. मिस्त्रीनं बांबूंची परांची बांधली, कमानीखाली लाकडी आधार घातला, दगड घडवून घेतला. काम त्याच्या हातचा मळ होता. अडचण निराळीच होती.

“घरातली मेलेली माणसं संपली,” तो जेवताना बायकोला म्हणाला.

“काय हो हे! जेवताना काय बोलता!”

“अगं, खरंच संपली. आजोबा पुलाला गेले, अण्णा हौदाखाली, आई पश्चिमेच्या दिंडी दरवाजात. आत्या, चुलते, सगळे कुठं ना कुठं लागले. आता घालू कुणाचं?”

बायकोनं घास तसाच हातात धरला. “भाऊजींचं घाला की,” ती म्हणाली, आणि बोलून झाल्यावर स्वतःच दचकली.

भाऊजी म्हणजे मिस्त्रीचा धाकटा भाऊ. भिंगरीच्या जन्माआधीच एका संध्याकाळी तो घरातून निघून गेला होता. ना भांडण, ना तंटा. हातावरचा चुना धुतला, चपला घातल्या आणि गेला. पुढं कळलं की तो मासेमारीच्या बोटीवर असतो, आणि मग कळलं की ती बोट वादळात बुडाली, एकही माणूस परत आला नाही. मिस्त्रीनं तेव्हाच रडून घेतलं होतं.

त्यानं आणखी विचार केला नाही. दगड बसवला, सांधीत चुना भरला, तोंड जवळ नेऊन धाकट्याचं नाव सांगितलं. वर मनात म्हणाला, बाबा रे, जन्मभर घराच्या कामाला आला नाहीस, आता तरी ये. अजिबात भीती वाटली नाही त्याला. खाली उतरून त्यानं दोन कप चहा प्यायला.

आणि त्याच आठवड्यात, भर दुपारी, दार वाजलं. मिस्त्रीनं दार उघडलं तर धाकटा दारात उभा. अंगानं रोडावलेला, दाढीत पांढरे केस, खांद्यावर पिशवी, पण हसू तेच.

“काय दादा, आत घेतोस की इथूनच परत पाठवतोस?”

मिस्त्रीनं दाराची चौकट धरली. आतून बायको आली, तिनं बघितलं, आणि तिच्या हातातलं भांडं खाली पडलं.

“वहिनी, मी भूत नाही हो,” धाकटा म्हणाला. “त्या दिवशी दात दुखत होता म्हणून बोटीवर गेलोच नाही. नंतर सगळे मेला म्हणायला लागले, तर म्हटलं, राहू दे, मेलेल्याला कुणी शोधत नाही.”

भिंगरीला तर आयता काका मिळाला. ती त्याच्या गळ्यातच पडली. समुद्रात मासे झोपतात का, बोटीत अंघोळ कशी करतात, तुझं लग्न का नाही झालं, नुसती प्रश्नांची सरबत्ती. काका हसून हसून उत्तरं देत होता. आणि मिस्त्री कोपऱ्यात बसून आपल्या भावाच्या छातीकडे बघत होता, श्वास चालू आहे ना.

त्या घराची काय दशा झाली म्हणून सांगू! धाकट्याला जेवताना ठसका लागला, तर मिस्त्री ताटावरून उठून त्याच्या पाठीत गुद्दे घालायला लागला. धाकटा अंघोळीला गेला, तर हा न्हाणीघराच्या दाराशी. दुपारी तो जरा आडवा झाला, की हा त्याच्या नाकाखाली बोट धरायचा.

“दादा, अरे झोपू दे ना मला! बोटीवर वीस माणसं घोरायची, तिथं मी झोपलो. इथं तुझ्या बोटानं जाग येते.”

मिस्त्री काय बोलणार? तू मेलास असं मी दगडाला सांगून आलोय, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? ते त्याला आणि बायकोला, दोघांनाच ठाऊक होतं, आणि दोघं एकमेकांची नजर चुकवत होती. त्यातल्या त्यात एकच धागा उरला होता. खालचा लाकडी आधार असेपर्यंत कमानीवर भार येत नाही आणि नाव मुरत नाही. आधार निघाला, कमानीनं आपलं ओझं आपण घेतलं, की संपलं. तोवर नाव बदलता येत होतं. आणि पालिकेनं आधार काढायचा मुहूर्त ठरवून टाकला होता. भाषणं होणार होती, बँड येणार होता, अर्धं गाव कमानीखालून चालत जाणार होतं.

मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळी धाकट्याला ताप भरला. डॉक्टर येऊन गेले, प्रवासाचा शीण आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. पण ताप चढतच गेला. धाकट्याचे ओठ सुकले, तो भिंतीकडे तोंड करून कण्हायला लागला. भिंगरी त्याच्या उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होती.

“बाबा, काका बरा होईल ना?” तिनं विचारलं.

मिस्त्रीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानं मनाशी ठरवलं. मेलेलं कुणी उरलं नव्हतं, मग स्वतःचंच नाव द्यायचं. चूक आपली, निस्तरायचीही आपणच. बायकोला त्यानं काही सांगितलं नाही.

फटफटलं तसा तो छिन्नी, करणी आणि चुन्याचं घमेलं घेऊन वेशीकडे गेला. रस्ता धुऊन काढलेला, पताका लावलेल्या, चिटपाखरू नव्हतं. परांचीवर चढताना त्याला आपल्याच पायांचा आवाज नको वाटत होता. चावीच्या कडेचा अर्धवट वाळलेला चुना त्यानं उकरून काढला. चुना आतून गार लागत होता. सांध मोकळी झाली तेव्हा तिच्यातून वारा आल्यासारखं त्याच्या मनगटाला लागलं, आणि मग मात्र त्याची पाचावर धारण बसली.

ताजा चुना भरला. तोंड जवळ नेलं. मरायचं म्हणजे काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. घरी पोहोचेपर्यंत वेळ मिळेल, की इथंच परांचीवर? बायको कुणाच्या तोंडाकडे बघेल? आणि पोर? ती शाळेतून आल्यावर जिन्यावरूनच हाका मारते, तिला कोण ओ देणार?

त्यानं तोंड उघडलं आणि आपलं नाव घेतलं. म्हणजे त्याला वाटलं की आपलंच घेतलं. कानावर पडलं ते लेकीचं.

मिस्त्री किंचाळला. बोटांनीच चुना ओरबाडून काढला, नखं रक्तबंबाळ झाली. पुन्हा सांध भरली, डोळे मिटले, स्वतःचं नाव मनात दहादा घोकलं, तोंड उघडलं. पुन्हा तेच. भिंगरीचं खरं नाव, जे तो घरातसुद्धा कधी घेत नसे, ते त्याच्या तोंडून सरळ चुन्यात गेलं. त्यानं तिसऱ्यांदा छिन्नी उचलली आणि हात तिथंच थांबला. उकरून करणार काय? तोंड त्याचं राहिलंच नव्हतं.

“कुणाचं गेलं, दादा?”

खाली धाकटा उभा होता. अंगावर चादर, तापानं डोळे लाल, हातानं परांचीचा बांबू धरलेला. मिस्त्री कसाबसा उतरला आणि रस्त्यावरच बसला.

“तू उठून आलास कशाला?”

“तू छिन्नी घेऊन निघालास ते बघितलं. मी या घरातलाच आहे, मला कळत नाही होय? माझं घातलं होतंस ना या कमानीत?”

मिस्त्रीनं खाली बघूनच मान हलवली.

“मग उगाच घाबरलास. माझं नाव इथं चाललंच नसतं. ते आधीच गेलंय. अण्णांनी घातलं उत्तरेच्या बुरुजात.”

“काय बडबडतोस? अण्णा जिवंत माणसाचं नाव कशाला घालतील?”

“मीही हेच विचारत बसलो इतकी वर्षं,” धाकटा म्हणाला. तो भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला. “बुरूज खचत होता, आठवतं? वर माणसं अडकली होती. अण्णा त्याच्या दारावरच्या कमानीत चावीचा दगड बसवत होते, मी शेजारी चुना कालवत होतो. ते आजोबांचं नाव घेणार होते, मला आधी सांगितलंही होतं. आणि घेतलं माझं. मी शेजारी उभा असताना. मग माझ्याकडे बघितलं, दादा, आणि काही बोललेच नाहीत. म्हटलं, बापाला मी नकोसा झालोय. हात धुतले आणि निघालो.”

मिस्त्री सरकून त्याच्याजवळ बसला. थोड्या वेळापूर्वी आपल्या तोंडातून काय आणि कसं निघालं, ते त्याच्या अजून कानात होतं.

“नकोसा नाही रे,” तो म्हणाला. “भीती वाटली की जे सगळ्यात जवळचं असतं ना, तेच तोंडात येतं. त्यांना तू सगळ्यात जवळचा होतास. माझ्या तोंडात आत्ता पोरीचं आलं, तसं.”

आणि इतक्या भीतीतही मिस्त्रीच्या मनाला ते लागलंच. अण्णांजवळ राहिला तो स्वतः, त्यांचं दुखलंखुपलं बघितलं त्यानं, आणि त्यांच्या तोंडात आलं ते धाकट्याचं. पण ते गिळून त्यानं पुढचं आठवलं. अण्णा मरेपर्यंत रोज सकाळी चुन्याची वाटी घेऊन उत्तरेच्या बुरुजाकडे जायचे. तळव्यानं दगड चाचपायचे, कुठं बारीकशी भेग दिसली की अंगठ्यानं बुजवायचे. लोक म्हणायचे, कामावर काय निष्ठा आहे म्हाताऱ्याची! आणि शेवटच्या दिवशी मिस्त्रीचा हात धरून म्हणाले होते, बाकी तट पडला तरी चालेल, त्या बुरुजाला भेग पडू देऊ नकोस. तेव्हापासून मिस्त्री न चुकता जात होता, का ते न विचारता. दगड धड असला की तो मागत नाही. भेग पडली की मागतो. तो पहिला गवंडी भेग न बघताच नाचत घरी गेला होता.

“मी तिकडे फिरकलोच नाही,” तो एकदम म्हणाला. “ट्रक धडकला तेव्हापासून. या कमानीच्या नादात फिरकलोच नाही.”

घमेलं उचलून तो धावत सुटला. उत्तरेच्या बुरुजावर, बरोबर चावीच्या बाजूला, बोट जाईल एवढी भेग पडली होती आणि तिच्यात मुंग्या शिरत होत्या. मिस्त्रीनं खडी भरली, चुना ठासला, हाताच्या तळव्यानं घासून सारखा केला, आणि दम टाकत परत आला. धाकटा अजून तिथंच बसला होता. चादर घामानं चिंब झाली होती आणि डोळ्यांतली लाली उतरली होती.

“बाहेरगावी असायचो तेव्हा नुसती कणकण यायची,” तो म्हणाला. “दोन दिवस अंग मोडून यायचं आणि जायचं. गावात आल्यावरच हे असं धरलं. लांब असलं की त्याचा हात नीट पोचत नाही, एवढं मला कळलंय. म्हणून सांगतो, पोरीला इथं ठेवू नकोस. मी घेऊन जातो.”

“आधार काढूच नये म्हणतो मी.”

“किती दिवस? लाकूड कुजेल. आणि नावाशिवाय उघडी टाकशील तर दुपारी अर्धं गाव खाली असणार आहे.”

मिस्त्रीनं बायकोला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं, आयुष्यात बोलला नव्हता एवढं एका दमात. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिनं भिंतीवर डोकं आपटायला सुरुवात केली. मिस्त्रीनं मध्ये हात घातला.

“मेल्या तोंडाला तुमच्या माझं नाव नाही आठवलं?” ती रडत म्हणाली. “इतकी वर्षं संसार केला, माझं घ्यायचं! मी गेले असते हसत!”

“तू रक्ताची नाहीस गं. चाललं नसतं.”

“नसतं चाललं तरी घ्यायचं!”

मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि कपाट उघडलं. पोरीचे कपडे काढले, त्यावर स्वतःचे ठेवले. मिस्त्रीनं काही विचारलं नाही. पोरीच्या मागं आई जाणार, यात विचारायचं काय?

“तुम्हीही चला,” पिशवीची गाठ मारताना ती हळूच म्हणाली.

“मी आलो तर कमानीकडे कोण बघेल? बुरुजाकडे कोण बघेल? दुसऱ्या कुणाला सांगू, की बाबा रोज सकाळी जाऊन हात फिरवून ये?”

भिंगरीला कळलं एवढंच, की काकाबरोबर समुद्र बघायला जायचंय. ती घरभर उड्या मारत सुटली. शाळा बुडणार, बोटीत बसायचं, मासे झोपतात का ते बघायचं! बाबा का येत नाहीत, तर बाबांना काम आहे. बाबांना कायमच काम असतं.

बस बाहेरच्या फाट्यावरून सुटायची. वेस बंद, म्हणून पश्चिमेच्या दिंडीतून, आजीच्या दगडाखालून, ते सगळे बाहेर पडले. मिस्त्रीनं पोरीला उचलून घेतलं आणि खाली ठेवायलाच विसरला. शेवटी तीच म्हणाली, “बाबा, सोडा ना, बस जाईल.” खिडकीतून ती हात हलवत होती. मिस्त्रीला तिला एकदा, फक्त एकदा, तिच्या खऱ्या नावानं हाक मारावीशी वाटत होती. पण आपल्या तोंडावरचा त्याचा विश्वास उडाला होता. तोंडावर हात दाबून तो उभा राहिला.

दुपारी बँड वाजला. पालिकेच्या अध्यक्षांनी दानशूर राणीची गोष्ट सांगितली आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. मिस्त्री कमानीखाली गेला, हातोडीनं आधाराच्या पाचरी एकेक करून सैल केल्या. शेवटची पाचर निघाली तेव्हा त्यानं डोळे गच्च मिटले. लाकूड खाली बसलं. वरून चुन्याची चिमूटभर भुकटी त्याच्या खांद्यावर पडली, बस. कमान केसभरही हलली नाही. लोक जयजयकार करत तिच्याखालून चालू लागले, आणि गर्दीत कुणीतरी मिस्त्रीच्या गळ्यात हार घातला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो चुन्याची वाटी घेऊन आधी बुरुजाकडे गेला आणि मग वेशीकडे. शिडी लावून वर चढला. चावीच्या डाव्या सांधीत एक भेग होती, इतकी बारीक की दुसऱ्या कुणाला दिसली नसती. नव्या कमानीला भार घेताना अशी भेग पडतेच. आयुष्यात हजारदा बघितलेली गोष्ट. तरी तो ती पुन्हा पुन्हा चाचपत राहिला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको होती. समुद्राचा आवाज येत होता आणि त्या आवाजावर खोकल्याची उबळ ऐकू येत होती, सुकी, थांबायचं नाव नाही अशी.

“पहाटेपासून खोकतेय हो,” बायको म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. “पाणी दिलं, पाठ चोळली, काही उपयोग नाही. तोंड लालबुंद झालंय तिचं. अहो, ऐकताय ना?”

मिस्त्रीनं फोन खांद्याशी दाबून धरला. वाटीतला चुना अंगठ्यावर घेतला, भेगेवर ठेवला आणि दाबत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तळव्यानं घासत. त्याच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. निघू दिला नाही त्यानं. पलीकडे खोकला जरा सैल झाला. मग एकदा आला, आणि मग आलाच नाही.

“बाबा?” फोनवर भिंगरी होती, धाप लागलेली. “बाबा, आता बरं वाटतंय. तुम्ही कधी येणार?”

“येतो हं,” मिस्त्री म्हणाला, आणि दगडावरचा हात त्यानं काढला नाही.